टचपॅड बदलायला आलेला लॅपटॉप

मे २०२४ मधला गुरुवार, तारीख १६. साडेअकराच्या सुमारास एक काका दुकानात आले. लॅपटॉप वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वरून सुतळी. काका सातपूरच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले आणि सावतानगरात राहणारे. अजूनही कुठली वस्तू नोंद केल्याशिवाय हातातून सोडत नाहीत. सोबत सूनबाई होत्या. त्या घरूनच चार-पाच दुकानदारांचं आणि पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याचं टॅलीचं काम बघतात. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान नाशिकला त्रिमूर्ती चौकाजवळ आहे, त्यामुळे सिडकोतली असली गिऱ्हाइकं नेहमीचीच.

"टचपॅड बदलायचंय, भाऊ," काका म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी एकदा बदललं, अठराशे घेतले. परत दाबलं जात नाही. हलका माल घातला असेल."

मी सुतळी सोडली, लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवला आणि टचपॅडला हात न लावता एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप डुगडुगला. सपाट काचेवर लॅपटॉप डुगडुगतो तो दोनच कारणांनी: एखादा रबरी पाय गळालेला असतो, नाहीतर पोट सुटलेलं असतं. चारही पाय जागेवर होते. मग खाली वाकून कडेने पाहिलं. खालचं कव्हर आणि वरची बॉडी जिथे मिळतात तिथे, बरोबर टचपॅडच्या खाली, पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट होती. मागच्या बाजूला ती हळूहळू मिटत गेलेली.

हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये आपण मनगट टेकवतो त्या भागाखाली बॅटरी पसरलेली असते आणि टचपॅड तिच्या डोक्यावर बसलेलं असतं. टचपॅडला ‘टिक’ व्हायला मिलिमीटरच्या काही अंशाएवढी जागा लागते. बॅटरी फुगली की सगळ्यात आधी ती जागा जाते. आधी क्लिक जड होतं, मग एका बाजूचं बंद पडतं, मग कर्सर आपोआप पळायला लागतो. टचपॅड बिचारं निर्दोष असतं आणि बदललं जातं तेच.

दोन महिन्यांपूर्वी ज्याने ते बदललं त्याला बॅटरी बाजूला केल्याशिवाय टचपॅडपर्यंत पोचताच आलं नसतं. त्याला फुगवटा दिसला नसेल हे मला पटत नाही. दुकान कुठलं ते मी विचारलं नाही. विचारायला तोंडही नव्हतं, कारण धंद्याच्या पहिल्या वर्षी मीही एक जराशी फुगलेली बॅटरी "चालेल अजून" म्हणून परत बसवून दिलेली आहे. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

"टचपॅड चांगलं आहे," मी म्हणालो. "बॅटरी फुगलीय. लॅपटॉप इथेच ठेवून जा."

सूनबाईंचा चेहरा उतरला. "दादा, सोमवारी वीस तारीख. तिघांचं जीएसटीचं विवरणपत्र, थ्रीबी, भरायचंय. त्याच दिवशी मतदान, म्हणजे धड कामही होणार नाही. चार दिवस कसंतरी चालू द्या, मंगळवारी मी स्वतः आणून देते."

फुगलेली बॅटरी घेऊन येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, कारण लॅपटॉप चालू असतो. बंद पडलेली वस्तू माणूस मुकाट्याने सोडून जातो. चालती वस्तू सोडवत नाही.

आधी चौकशी

चार्जर कधी काढता, असं विचारलं. काढतच नाही, असं उत्तर आलं. त्याला कारणही होतं. २०२१ च्या जूनमध्ये लॅपटॉप घेतला, पहिल्याच पावसाळ्यात वीज गेली तेव्हा बॅटरी उतरलेली होती आणि टॅलीचा डेटा बिघडला. तेव्हापासून घरात नियमच झाला: चार्जर लावलेलाच ठेवायचा, रात्रीसुद्धा. काम वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत चालायचं. खिडकी पश्चिमेला. टेबलाची सनमायका उडाली होती म्हणून लॅपटॉपखाली गोधडीची चौपदरी घडी.

म्हणजे तीन वर्षं ही बॅटरी शंभर टक्क्यांवर, गोधडीवर, पत्र्याखाली होती. नाशिकची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण मे महिन्यात सिडकोतल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी चार वाजता बसून बघा.

लॅपटॉप ६८ टक्क्यांवर चालू होता, अंगाला कोमट लागत होता, वास नव्हता. मी तिथेच बॅटरीचा रिपोर्ट काढला. विंडोजमध्ये ही सोय फुकट आहे आणि कुणी वापरत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ लिहायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’, सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात पाहायचे आकडे तीन: कारखान्यातून निघतानाची क्षमता, आज पूर्ण भरल्यावर मावते ती क्षमता, आणि किती फेऱ्या झाल्या. काही मशीनवर फेऱ्यांपुढे नुसती आडवी रेघ येते. इथे आकडा होता.

मूळ क्षमता ४१,०४० मिलीवॉट-तास. आजची २३,६९०. फेऱ्या ६१.

काकांनी चष्मा पुढे ओढला. "म्हणजे निम्मा माल गेला. आणि वापर?"

"वापर जवळजवळ नाहीच."

एक फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के उतरवून पुन्हा भरणं, मग ते एका दमात असो की पाच दिवसांत वीस-वीस टक्क्यांनी. बऱ्याच लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतात. ही ६१ फेऱ्यांत ५८ टक्क्यांवर आली होती. वापरून नाही, भरून ठेवून.

रिपोर्टमध्ये खाली क्षमतेचा इतिहास असतो, आठवड्यावार. डिसेंबर २०२२ मध्ये ३६,४०० च्या घरात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३१,२००. त्यानंतरच्या सात महिन्यांत साडेसात हजार आणखी गेले. उतार मध्येच जास्त तिरपा झाला की बॅटरीत काहीतरी बिनसलंय असं मी धरतो. हे सगळं मशीनमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं. तोपर्यंत ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

आता आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण काकांनीही विचारलं होतं. लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ये-जा करतात. चार्ज करताना कोबाल्ट ऑक्साइडच्या बाजूने निघून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. ही रचना ज्यांच्या कामावर उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोनीने असा सेल १९९१ मध्ये बाजारात आणला. सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टला पोचतो. त्या वेळी कोबाल्टच्या बाजूतलं जवळपास निम्मं लिथियम बाहेर गेलेलं असतं आणि उरलेला सांगाडा अस्वस्थ असतो. शेजारच्या द्रवाशी, म्हणजे इलेक्ट्रोलाइटशी, तो बारीक कुरबुर करत राहतो. उष्णता वाढली की कुरबुर वाढते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलिन असे वायू सुटतात. सेल सीलबंद पाकिटात असतो, वायूला वाट नसते, पाकीट फुगतं.

म्हणून "चार्जर लावून ठेवला की ओव्हरचार्ज होतं" हे म्हणणं बरोबर नाही. १०० झालं की सर्किट चार्जिंग थांबवतं, ते आपलं काम नीट करतं. घात होतो तो शंभरावर, उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने बसवून ठेवण्याने. २५ अंशांना अर्धवट भरलेली बॅटरी आणि ४० अंशांना काठोकाठ भरलेली बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली, तर पहिलीचं नुकसान चार-पाच टक्के आणि दुसरीचं तीस टक्क्यांच्या वर, असा ढोबळ हिशोब आहे.

"म्हणजे आपणच तिला शिजवली," सूनबाई म्हणाल्या. मी काही बोललो नाही.

ओट्यावरचा तास

खरा पेच आता होता. बॅटरीत जवळपास १६ वॉट-तास शिल्लक होते. फुगलेली बॅटरी भरलेल्या अवस्थेत काढताना चुकून टोचली गेली तर ती सगळी ऊर्जा एका जागी सुटते आणि सेल पेट घेतो. तीच बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर असेल तर धोका बराच कमी. पण उतरवायची म्हणजे चालवायची, आणि फुगलेली बॅटरी चालवायची की नाही यावर आमच्या धंद्यात दोन मतं आहेत.

माझा नियम असा आहे. वास येत असेल, कुठे ओल दिसत असेल, हात लावल्यावर चटका बसत असेल किंवा फुसफुस आवाज असेल तर लॅपटॉप उघड्यावर नेऊन ठेवायचा आणि लांब व्हायचं. उतरवणं नाही, उघडणं नाही. यातलं काहीच नसेल आणि फुगवटा असेल, तर चार्जर लावायचा नाही आणि नजरेसमोर उतरवायची. चार्जर मात्र कुठल्याच बाबतीत नाही. फुगलेल्या बॅटरीला चार्ज करणं म्हणजे विषाची परीक्षा घेणं.

लॅपटॉप दुकानासमोरच्या शहाबादी फरशीच्या ओट्यावर, सावलीत नेला. झाकण उघडं, स्क्रीनचा उजेड पूर्ण. टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्यायचा होताच, तो तेवढ्यात सूनबाईंनी माऊस लावून घेतला. टचपॅडला कुणी बोट लावायचं नाही असं बजावून ठेवलं, कारण टचपॅड दाबणं म्हणजे त्या वेळी बॅटरी दाबणं. जवळ कोरड्या वाळूची बादली आणि पाण्याची बादली. पाणी बघून शेजारचा झेरॉक्सवाला म्हणालाच, "भो, लिथियमवर पाणी?" शाळेत धातूचा तुकडा पाण्यात टाकल्यावर तडतडतो ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण लिथियम-आयन सेलमध्ये धातूच्या रूपातलं लिथियम नसतं. अशा आगीत सेल थंड करणं हेच मुख्य काम, नाहीतर एक सेल विझला तरी शेजारचा तापून पेटतो. विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही पेटलेल्या लॅपटॉपवर पाणी ओतायलाच शिकवतात. फक्त चार्जर आधी काढलेला हवा, आणि धूर नाकात जाता कामा नये. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसाला फार वाईट.

कोविडात घेतलेली तापमानाची बंदूक अजून माझ्याकडे आहे. कपाळाऐवजी वस्तूचं तापमान दाखवायची सोय तिला आहे, दर दहा मिनिटांनी ती लॅपटॉपच्या खालच्या बाजूला धरत होतो. बॉडी प्लास्टिकची होती म्हणून बरं. ॲल्युमिनियमची असेल तर चकाकीमुळे आकडा कमी येतो, तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर नेम धरावा लागतो. बाहेर ३७ अंश होतं. बॅटरीच्या जागी ३९, मग ४०, मग ४१ आणि तिथेच थांबलं. पन्नास दिसलं असतं तर मी लॅपटॉप बंद करून लांब ठेवला असता.

काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर वेळ, टक्के आणि अंश लिहीत होते. मी सांगितलं नव्हतं. सव्वा तासात ६८ वरून १५ टक्के झाले.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. २४ टक्क्यांवरून आकडा एकदम १९ वर उतरला. थकलेल्या बॅटरीत असं होतं. टक्के दाखवणारी चिप अंदाजाने मोजत असते आणि तिचा अंदाज जुन्या क्षमतेवर बेतलेला असतो. अशा वेळी "शून्यापर्यंत जाऊ द्या" हा मोह टाळायचा, कारण अगदी तळाला सेलचं व्होल्टेज झपाट्याने पडतं. पंधरा पुरे.

उघडताना

शटडाउन करताना शिफ्ट दाबून ठेवली. एरवी विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ लॅपटॉप पुरता बंद करत नाही, अर्धवट झोपवतो.

खालचे दहा स्क्रू. त्यातले दोन मागच्या रबरी पट्टीखाली, ते ज्याला माहीत नसतात तो जोर लावतो आणि कव्हर तोडतो. स्क्रूंची लांबी वेगवेगळी होती. मी बर्फाच्या ट्रेमध्ये ज्या जागेचा स्क्रू त्या जागेच्या खणात टाकतो. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो बोर्डात घुसतो, किंवा बॅटरीत.

फुगलेल्या लॅपटॉपचे स्क्रू एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने काढायचे नाहीत. बॅटरी आतून कव्हरला ढकलत असते, शेवटच्या स्क्रूवर सगळा ताण येतो आणि तो सुटला की कव्हर उसळतं. मी समोरासमोरचे अर्धा-अर्धा आटा ढिले करत गेलो, गाडीचं चाक काढतात तसे. तरी शेवटी ‘टक्‌’ झालंच, पण हलकं. बॅटरीकडच्या क्लिपा आधीच मोडलेल्या होत्या.

आत तीन पाउच, म्हणजे पाकिटातले सेल, शेजारी शेजारी, काळ्या चौकटीत. डावीकडचा सपाट, उजवीकडचा किंचित उठलेला. मधला टम्म फुगला होता. तव्यावरून उतरवलेल्या फुलक्यासारखा, चंदेरी, कडा गोल झालेल्या, वरचं छापील लेबल ताणून मध्ये चिरलेलं. वाकून वास घेतला, नाक जवळ न नेता हाताने हवा ओढून. फुटलेल्या पाउचला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. इथे तो नव्हता.

पहिलं काम कनेक्टर. बाकी कशालाही हात लावण्याआधी बॅटरीची वायर बोर्डावरून सुटली पाहिजे. आठ तारा होत्या: जाड तांबड्या-काळ्या, आणि बारीक तारांतून बॅटरीची चिप बोर्डाशी बोलते. तारा धरून ओढायच्या नाहीत. प्लास्टिकच्या चपट्या काडीने कनेक्टरचे दोन्ही कान आळीपाळीने मागे सरकवले. धातूचं हत्यार इथे टेबलावरसुद्धा नको. कनेक्टर सुटल्यावर पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरलं, म्हणजे बोर्डात साठलेला उरलासुरला चार्जही निघून जातो.

ही बॅटरी चार स्क्रूंवर बसलेली होती, सुदैव. अनेक मॉडेलमध्ये ती चिकटवलेली असते. तिथे खरी कसोटी लागते. ओढायची पट्टी असेल तर ती बॅटरीला जवळजवळ समांतर ठेवून हळूहळू खेचायची. तुटली तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि जुन्या एटीएम कार्डासारख्या प्लास्टिकच्या तुकड्याने सरकत जायचं. स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. पाउच वाकवायचा नाही. एका जागी घाई केली आणि आतला पडदा फाटला की संपलं.

तेवढ्यात झेरॉक्सवाल्याने मोबाइलवर कुणीतरी सुईने टोचून फुगलेली बॅटरी ‘बसवतानाचा’ व्हिडिओ दाखवला. वायू निघून जातो, पाउच सपाट होतो, माणूस हसतो. तो वायू पेट घेणारा असतो आणि सुई दोन थर जोडून शॉर्ट करू शकते. शिवाय भोकातून हवेतली ओल आत जाते आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षारापासून तेच हायड्रोजन फ्लोराइड बनतं. फुगवटा लपवला म्हणून बॅटरी बरी होत नाही. त्याला मी जरा चिडूनच बोललो.

बाहेर काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरला टेप गुंडाळली, पत्र्याच्या डब्यात तळाला वाळू, मध्ये बॅटरी आडवी, वरून वाळू. झाकण नुसतं ठेवलेलं, घट्ट नाही. आत वायू झाला तर त्याला वाट हवी. डबा मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, उन्हापासून लांब.

"घंटागाडीत नाही ना टाकायची?" काकांनी विचारलं. प्रश्न चांगला होता, कारण बहुतेक लोक तेच करतात. घंटागाडीतून पाथर्डीच्या खत प्रकल्पापर्यंत ती कुठेतरी दाबली जाणार, फुटणार, आणि भोवती सगळा कोरडा कचरा. भंगारवाल्यालाही नाही, तो तांब्यासाठी फोडतो. २२ ऑगस्ट २०२२ ला आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देता येते, किंवा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला. माझ्याकडे साठलेल्या मी महिन्याला एकदा अशाच ठिकाणी स्वतः नेऊन देतो. कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने फुगलेली बॅटरी पाठवायची नाही.

बॅटरीविना चार दिवस

आता वीस तारखेचा प्रश्न. सूनबाईंना वाटत होतं, बॅटरी काढली म्हणजे काम थांबलं. पण बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात. सगळे नाही, काही सुरूच होत नाहीत, काही प्रोसेसरचा वेग पाडतात. हा चालला. सुरू होताना ‘बॅटरी सापडली नाही’ असा संदेश आला, एक बटण दाबल्यावर पुढे गेला. टॅलीला वेग कितीसा लागतो?

एक अडचण निघाली आणि ती मला आधी सुचायला हवी होती. घरी जाऊन अर्ध्या तासात सूनबाईंचा फोन. "दादा, जीएसटीची साइट उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. बँकेचीही तीच गत." मी तारीख विचारली. लॅपटॉपवर जानेवारी २०२१ होतं. या मॉडेलमध्ये घड्याळासाठी वेगळा बटण सेल नाही, मोठ्या बॅटरीवरच ते चालतं. बॅटरी काढली, पॉवर बटण दाबून सगळा चार्ज घालवला, घड्याळ मूळ पदावर. ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेशी ताडून बघतो, तारीखच चुकली तर कुठलीच साइट त्याला खरी वाटत नाही. फरक एवढा मोठा असला की विंडोज आपणहून दुरुस्तही करत नाही. हाताने तारीख घातली, साइट उघडली. आता बॅटरी काढली की मी तारीख बघूनच लॅपटॉप देतो.

दुसरी अडचण उघड होती: वीज गेली की लॅपटॉप क्षणात बंद. म्हणजे जी भीती होती म्हणून तीन वर्षं चार्जर लावून ठेवला, तीच आता खरी. चार दिवसांपुरता लॅपटॉप खालच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या लाइनवर आणला. खालची खोली थंड, इन्व्हर्टरचं सॉकेट तिथेच. काका म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वीच केलं असतं तर?" सूनबाई म्हणाल्या, "तेव्हा खालच्या खोलीत तुमचा टीव्ही होता." मी विषय वाढवला नाही. रविवारी रात्रीच तिन्ही थ्रीबी गेल्या.

नवीन बॅटरी, नवीन रजिस्टर

महात्मा गांधी रोडवर याच मॉडेलची ‘कंपॅटिबल’, म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेली, बॅटरी चौदाशेला मिळत होती. कंपनीची एकोणचाळीसशे. काकांनी दोन्हींची लेबलं मागितली. स्टोअरकीपरच तो. लेबलवर व्होल्ट, वॉट-तास आणि पार्ट नंबर तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि भारतीय मानक ब्युरोची खूण पाहिजे: आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. स्वस्तातल्या बॅटरीवर वॉट-तास ६० छापलेले होते, आकार मात्र ४१ वॉट-तासांच्या बॅटरीचाच. त्याच खोक्यात दीडपट माल बसत नाही हे काकांना सांगावं लागलं नाही.

बसवण्याआधी सूनबाईंच्या धाकट्या भावाने मल्टिमीटर लावून बघितला आणि शून्य आल्यावर ओरडला, "मेलेली आहे!" या बॅटऱ्यांची चिप, बॅटरी मशीनमध्ये बसल्याचा इशारा मिळेपर्यंत पुष्कळदा बाहेर व्होल्टेज देतच नाही. बसवल्यावर ४२ टक्के भरलेली निघाली. साठवणुकीसाठी अशी अर्धवट भरूनच ठेवतात. "आठ तास चार्ज करू का पहिल्यांदा?" नाही. तो निकेलच्या बॅटऱ्यांचा जमाना गेला. शून्यापर्यंत उतरवून मगच चार्जिंग लावायचं हाही त्याच जमान्याचा अवशेष.

कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती, बंद अवस्थेत. ती चालू केली. आता चार्जर दिवसभर लावलेला चालतो. ८० झाले की बॅटरीला विश्रांती, लॅपटॉप थेट चार्जरवर. सेल ४.२ ऐवजी ४ व्होल्टच्या आसपास राहतो. अधूनमधून, दोन-तीन महिन्यांनी, एकदा शंभर करून वापरत वीस-पंचवीसपर्यंत आणायची, म्हणजे टक्के मोजणाऱ्या चिपचा अंदाज ठिकाणावर राहतो. गोधडी गेली. तिच्या जागी जेवणाचा जुना शिसवी पाट आला, दोन पायांमुळे खालून हवा खेळते. मी कूलिंग पॅड विकतो, पण पाट बघितल्यावर ते काढून दाखवायचं धाडस झालं नाही.

टचपॅड? बॅटरी निघाल्याबरोबर टिक-टिक वाजायला लागलं. आधीचे अठराशे वाया.

नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर, काका पुन्हा दुकानात आले. लॅपटॉप नव्हता, बगलेत रजिस्टर होतं. दर महिन्याच्या एक तारखेला सूनबाईंकडून रिपोर्ट काढून घेतात आणि आकडे उतरवतात: तारीख, मूळ क्षमता, आजची क्षमता, फेऱ्या, शेरा. रकाने पट्टीने आखलेले.

"बसवली तेव्हा ४०,८८० होते," काका बोट ठेवून म्हणाले. "आज ४०,३१०. फेऱ्या फक्त अकरा. हे ५७० कुठे गेले, भाऊ?"

"एवढं जाणारच, काका. आवक-जावक लावलीत तरी हिशोबात सापडणार नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला, खिशातून पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नैसर्गिक घट.